आजच्यापुरता मान्ना

रोज करावयाच्या गोष्टींची आपल्या घरांत वानवा नाही. पहाटेची घंटा, संध्याकाळची रोजरी, वाडीतल्या झाडांना पाणी, आजाऱ्याचे औषध. ह्या गोष्टी का करायच्या असे कोणी विचारीत नाही, कारण त्यांचे उत्तर त्यांच्यातच असते. झाड वाढते, आजारी बरा होतो. आणि प्रार्थनेविषयी म्हणाल तर ती चुकली की घरालाच काही तरी उणे वाटते. परंतु अलीकडे काही घरांत एक नवीच ‘रोजची गोष्ट’ शिरली आहे व तिच्यापुढे वडीलधारी मंडळी प्रश्नचिन्ह घेऊन उभी आहेत. रात्रीचे जेवण उरकले की मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसते, अर्धा-पाऊण तास खपून एक छोटीशी आज्ञावली लिहिते आणि पडद्यावर एक चित्र उमटते. दुसऱ्या दिवशी दुसरी आज्ञावली, दुसरे चित्र. हे नोकरीचे काम नव्हे, परीक्षेचा अभ्यास नव्हे, आणि नुसता खेळही नव्हे. ह्या उद्योगाला ‘क्रिएटिव्ह कोडिंग’ म्हणतात. आपण त्याला सर्जनशील कोडिंग म्हणू या.

“फादर, ह्यातून मिळते काय?” असे पालक विचारतात. वरवर पाहता प्रश्न पैशाचा वाटतो. पण तो तेवढाच नाही. काळ ही परमेश्वराची ठेव आहे आणि तिचा हिशेब आपल्याला द्यावयाचा आहे, ही शिकवण आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. ज्याचा कोणाला उपयोग नाही असे काही रोज नेमाने करीत राहणे योग्य आहे काय, हा त्या प्रश्नामागचा खरा प्रश्न होय. त्याच्या जोडीला आता दुसराही आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला एक वाक्य सांगितले की क्षणार्धात चित्र तयार मिळते. मग स्वतः ओळीमागून ओळ लिहीत बसण्यात अर्थ तो कोणता?

उत्तराकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट नेमकी काय आहे ते पाहणे उचित ठरेल. चित्रकार कुंचला घेऊन रेघ ओढतो. कोड लिहिणारा रेघ ओढीत नाही. रेघ कशी ओढावी ह्याचा नियम लिहितो. समजा, त्याने लिहिले की दहा ओळी मांड आणि प्रत्येक ओळीत दहा चौकोन काढ. संगणक शंभर चौकोन काढून देतो, कवायतीला उभ्या राहिलेल्या पोलिसांसारखे. मग तो आणखी एक ओळ लिहितो: प्रत्येक चौकोनाचे कोपरे थोडेसे, कोणत्याही बाजूला, हलव. ‘थोडेसे’ म्हणजे किती, तो आकडा त्याच्या हाती असतो. आकडा शून्य ठेवला तर कवायत कायम राहते. लहान ठेवला तर वाऱ्याची झुळूक लागलेले भाताचे शेत दिसते, आणि मोठा केला तर वादळानंतरचे तेच शेत. कोणत्या आकड्याला चित्र जिवंत होते हे यंत्राला कळत नाही. ते माणसाने पाहायचे असते. रोज एखादा आकडा, एखादा नियम बदलावा, जे उमटेल ते न्याहाळावे आणि उठावे, एवढाच हा नेम.

हा नेम आजकालच्या पोरांनी काढलेला नाही. व्हेरा मोल्नार ही चित्रकर्ती 1924 साली बुडापेस्ट येथे जन्मली, 1947 साली पॅरिसला गेली आणि डिसेंबर 2023 मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, तेथेच निवर्तली. लहानपणी सुटीत असताना ती रोज संध्याकाळी तळ्यावरच्या सूर्यास्ताचे चित्र काढीत असे. पुढे 1959 पासून तिने एक ‘काल्पनिक यंत्र’ मनाशी धरले. हाताशी संगणक नव्हता, म्हणून नियमांची यादी स्वतः करायची आणि आपणच यंत्र होऊन ती हाताने पार पाडायची, असा तिचा क्रम होता. 1968 साली पॅरिसमधील एका संशोधन संस्थेतील खराखुरा संगणक तिला वापरावयास मिळाला. त्याला पडदा नव्हता; आज्ञा द्यायच्या आणि रेखनयंत्राने कागदावर काय काढले ते मागाहून पाहायचे. 1970 च्या दशकात तिने चौकोनांच्या शिस्तबद्ध रचनेत केवळ एक टक्का अव्यवस्था मिसळून पाहिली. आयुष्यभर ती असेच लहानसहान फरक करीत राहिली.

आपल्या देशातही ह्या गोष्टीची एक जुनी सोयरीक आहे. तामिळनाडूत पहाटे उंबरठ्यासमोर सडा घालून स्त्रिया तांदळाच्या पिठाने कोलम काढतात. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीची ती बहीण होय. ठिपके मांडायचे आणि ठरलेल्या रीतीने त्यांच्याभोवती रेघ वळवायची. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी व रानी सिरोमनी ह्या प्राध्यापक दांपत्याने आणि त्यांच्या सहकारी कमला कृतिवासन ह्यांनी 1974 साली ह्या कोलमांचे ‘व्याकरण’ संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले. मोजक्या नियमांतून गुंतागुंतीची आकृती कशी निपजते हे त्यांनी दाखविले. म्हणजे निरक्षर म्हणून जिची गणना झाली असेल अशी एखादी आजीसुद्धा उंबरठ्यावर रोज जे करीत होती, त्यात आज्ञावलीचेच तत्त्व होते. दुपारपर्यंत ते पीठ मुंग्यांनी नेलेले असते, उरलेले पायांनी पुसलेले असते. आणि दुसऱ्या पहाटे ती पुन्हा बसते. तिला ‘ह्यातून मिळते काय’ असे कोणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोजच्या सरावाचा गौरव करताना एक घाई होते, ती टाळली पाहिजे. नेमाने काम करणारा मनुष्य आपोआप सज्जन होतो असे आपण गृहीत धरतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्या बाबतीत एक बारीक भेद केला आहे. कला म्हणजे घडवायच्या वस्तूविषयीचा योग्य विचार. सुज्ञता म्हणजे करावयाच्या कृतीविषयीचा योग्य विचार. कलेने वस्तू चांगली होते. माणूस चांगला होतोच असे नाही. उत्तम सुतार कजाग असू शकतो. तद्वत रोज सुंदर आज्ञावली लिहिणारा घरात आईशी धड बोलत नसेल, तर त्याची तीनशे पासष्ट चित्रे त्याच्या वतीने साक्ष देणार नाहीत. सराव हे एक पात्र आहे. त्यात काय भरले जाते ह्यावर त्याचे मोल ठरते.

मग त्यात चांगले काय भरता येते? पहिली गोष्ट, चुकीशी सलोखा. संगणक खुशामत करीत नाही. एक विरामचिन्ह राहिले तर तो अडून बसतो, आणि दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. लिहिणाऱ्याने जे सांगितले तेच त्याने केलेले असते. ‘आम्हांला असे म्हणायचे नव्हते’ ही सबब तेथे चालत नाही. रोज अर्धा तास अशा प्रकारे आपल्याच शब्दाला जबाबदार राहणे, ही लहान शिस्त नव्हे. डोनाल्ड नूथ ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाचे उदाहरण येथे आठवते. ते श्रद्धावंत लुथरन असून बायबलच्या प्रत्येक पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला आहे. आपल्या ग्रंथांतील चूक दाखवून देणाऱ्यास ते 2 डॉलर 56 सेंटचा धनादेश पाठवीत. धनादेशांचा गैरवापर होऊ लागल्याने 2008 साली त्यांनी त्याऐवजी एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. पण प्रथा सोडली नाही. चूक दाखविणाऱ्याला बक्षीस देणारा विद्वान आणि चूक दाखविणाऱ्याशी सहा महिने अबोला धरणारे आपण, ह्या दोहोंत किती अंतर आहे!

दुसरी गोष्ट, लक्ष देणे. शंभर चौकोनांपैकी कोणता डोळ्याला खुपतो, कोणता सुखावतो, हे पाहण्यासाठी थांबावे लागते. ज्या पडद्याने आपले लक्ष शेकडो तुकड्यांत वाटून टाकले आहे, त्याच पडद्यापुढे बसून एकाच गोष्टीकडे अर्धा तास पाहणे, हे एक प्रकारे बंदिवानाने तुरुंगाच्या भिंतीवर बाग फुलविण्यासारखे आहे. आणि हे लक्ष प्रेमापासून फार दूर नसते. मोल्नारबाईंचीच एक हकिगत ह्या ठिकाणी सांगितली पाहिजे. त्यांची आई त्यांना दर आठवड्याला पत्र लिहीत असे. प्रत्येक ओळ डावीकडे नीटस, ताठ सुरू होई व उजवीकडे जाता जाता अस्वस्थ होई. वर्षे लोटली तशी ती अस्वस्थता वाढत गेली, नीटसपणा ओसरला, पत्र वाचणे कठीण झाले. मग एके दिवशी पत्रे थांबली. 1980 च्या दशकात लेकीने त्या हस्ताक्षराचे वळण आज्ञावलीत बांधले आणि संगणकाकडून आईची पत्रे लिहून घेतली. त्यांत एकही शब्द वाचता येत नाही. केवळ रेघांची लय आहे. आईचा हात कोठे थरथरतो हे जिने वर्षानुवर्षे आठवड्यामागून आठवडा पाहिले होते, तिलाच ती थरथर नियमात उतरविता आली.

ह्या हकिगतीत दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. तशा रेघा आज कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात काढून देईल, कदाचित अधिक सफाईने. पण त्या कोणाच्या आईच्या असतील? परमगुरू जॉन पॉल दुसरे ह्यांनी 1981 साली मानवी श्रमावरील आपल्या परिपत्रकात शिकविले की श्रमाचे मोल प्रथम त्यातून निघालेल्या वस्तूवर ठरत नाही, तर ते करणारी ‘व्यक्ती’ आहे ह्यावर ठरते. व्हॅटिकनने जानेवारी 2025 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यातही हे यंत्र म्हणजे मानवी बुद्धीचे अपत्य आहे, तिचे दुसरे रूप नव्हे, असे बजावले आहे. चित्र हवे असेल तर यंत्राकडून अवश्य घ्यावे. परंतु चित्र काढताना जो माणूस घडतो, तो यंत्राकडून मागविता येत नाही. आपल्या वतीने दुसऱ्याने रोजरी म्हटली म्हणून आपले ओठ प्रार्थनेला सरावत नाहीत, तसेच हे आहे.

येथवर आम्ही सरावाची बाजू मांडली. आता त्याला लागणाऱ्या किडीविषयी बोलले पाहिजे. ‘रोज’ हा शब्द भक्तीचा आहे, तसाच तो वेठीचाही आहे. आज्ञावल्या लिहिणारे जगभरचे लोक ‘गिटहब’ नावाच्या संगणकीय भांडारात आपले काम ठेवतात. तेथे एके काळी प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा दिसत असे: सलग किती दिवस काम केले, त्याचा. एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्यावर येई. 2016 साली तो आकडा पूर्वसूचनेवाचून काढून टाकण्यात आला. त्यानंतर काय झाले ह्याचा एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. अनेकांच्या दीर्घ मालिका तुटल्या, केवळ हजेरीपुरते एखादेच काम केल्याचे दिवस कमी झाले आणि शनिवार-रविवारचे काम घटले. वाचकहो, ह्या शेवटच्या वाक्यावर क्षणभर थांबा. ह्याचा अर्थ असा की कित्येकांना रविवारी कामाला बसविणारी शक्ती कामाची ओढ नव्हती, आकडा तुटण्याचे भय होते. इजिप्तमध्ये विटांची रोजची संख्या पुरी करणाऱ्या इस्राएल लोकांवर निदान मुकादम तरी दुसरा होता. येथे मुकादम आणि मजूर एकच.

दुसरी कीड साठ्याची. माईक विंकलमन, ऊर्फ बीपल, ह्या अमेरिकन कलाकाराने 1 मे 2007 पासून रोज एक चित्र पूर्ण करण्याचा नेम धरला. ती चित्रे आज्ञावलीची नव्हेत, पण बहुतांशी संगणकावरचीच. पहिल्या पाच हजार दिवसांची चित्रे एकत्र जोडून केलेली कृती मार्च 2021 मध्ये लिलावात 6 कोटी 93 लाख डॉलरांना विकली गेली. त्याच्या चिकाटीला दोष देण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु ह्या बातमीनंतर किती तरी तरुणांच्या मनात रोजच्या चित्राकडे ठेवीची पावती म्हणून पाहण्याची सवय शिरली असेल, तर ते नुकसान डॉलरांत मोजता येणार नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकाला इजिप्तच्या वाळवंटातील पौल नावाचा एक तपस्वी उभा आहे. त्याची गोष्ट पाचव्या शतकात जॉन कॅसियन ह्याने नोंदवून ठेवली. तो शहरापासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. पोटापुरते खजूर व लहानशी बाग त्याच्यापाशी होती. तरीही तो रोज ताडपत्रे गोळा करून, त्यावरच आपला चरितार्थ असल्याप्रमाणे, नेमून घेतलेले काम पुरे करीत असे. बाजारात न्यावे तर वाहतुकीचा खर्च किमतीहून अधिक. वर्षाअखेरीस गुहा त्या कामाने भरून गेली की तो सारे जाळून टाकी आणि नव्याने आरंभ करी. हातांना काम नसेल तर मन भटकते, हे त्याला ठाऊक होते. पण हातांच्या कामावर मन अडकून बसले तर ते तेथेच कैद होते, हेही त्याला ठाऊक होते. पिठाचा कोलम मुंग्यांना देणारी स्त्री आणि ताडपत्रांचा ढीग अग्नीला देणारा तपस्वी एकमेकांना ओळखत नव्हते. पण दोघांनाही दिवस मुठीत धरून ठेवण्याचा मोह नव्हता.

तर मग आपण सर्वांनी वर्षाअखेरीस सारे जाळावे काय? पवित्र शास्त्राने ह्याहून समतोल वाट दाखविली आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात वाळवंटातल्या लोकांना मान्ना मिळतो. तो रोज पहाटे बाहेर पडून स्वतः वेचावयाचा होता. घरबसल्या कोणालाही मिळाला नाही. म्हणजे नेम आहे, कष्ट आहेत. ज्याने पुष्कळ वेचले त्याला अधिक झाले नाही, ज्याने थोडे वेचले त्याला कमी पडले नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या टोपलीशी तुलना व्यर्थ आहे. उद्यासाठी दडवून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. म्हणजे साठा हा ठेव नव्हे, अविश्वास आहे. सहाव्या दिवशी दुप्पट मिळाला आणि सातव्या दिवशी बाहेर पडलेल्यांना काहीच सापडले नाही. म्हणजे थांबणे हा नेमाचा भंग नव्हे, तो नेमाचाच भाग आहे. आणि शेवटी परमेश्वराने एकच भांडे भरून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवावयास सांगितले. सगळा नव्हे, एक भांडे, आणि तेही मालकीसाठी नव्हे, आठवणीसाठी. मोल्नारबाईंनी आईच्या रेघा जपल्या, ते असेच एक भांडे होते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की ‘ह्यातून मिळते काय’ हा प्रश्न जरा बदलून विचारा. मुलगी खोलीतून बाहेर येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय असते ते पाहा. तिच्या चित्राकडे पाच मिनिटे बसून पाहा, आणि हा चौकोन असा का कलला, असे तिला विचारा. ती सांगू लागली तर तुम्हांला तिच्याविषयी पुष्कळ कळेल. तिच्या चित्राचा सौदा लगेच करू नका. आणि शेजारच्या मुलाच्या पगाराशी त्याची तुलना तर मुळीच करू नका.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी तीन साध्या खुणा. आज तुमचे चित्र कोणीच पाहिले नाही तर ते काढण्यातला आनंद उरतो काय? जेवणाच्या पानावरून हाक आली, आजोबांना दवाखान्यात न्यावयाचे झाले, तर आजचे चित्र अर्धे टाकून तुम्ही न कुरकुरता उठता काय? आणि रविवारी मिस्सा झाल्यावर घरच्यांबरोबर बसताना, आकडा तुटला तरी चालेल, असे म्हणता येते काय? ह्या तिन्हींना होकार असेल तर निःशंकपणे बसा आणि लिहा. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजच्या दिवसाची. वर्षाची बेगमी मागत नाही. चित्रही आजच्या दिवसाचेच मागावे. सोमवारी पहाटे दव पडेल, वाळवंट पुन्हा पांढरे होईल, आणि टोपली रिकामी असलेल्यालाच वेचता येईल.